तळघरात बाथरूम आणि धुण्याची खोली काढताना: आधी पाणी कुठं जाणार ते ठरवा

दिवाळी उरकली की बेळगाव, शहापूर, टिळकवाडी भागात घरदुरुस्तीची कामं निघतात. वर मजला चढवायचा तर खर्च परवडत नाही, बाजूला जागा उरलेली नाही, मग नजर जाते तळघराकडे. जुनं सामान, लाकडं, मोडकी सायकल यांनी भरलेली ती खोली रिकामी केली, तिथं एक बाथरूम काढलं, वॉशिंग मशीनची सोय केली की भाडेकरू ठेवता येईल किंवा सुटीला येणाऱ्या मुलाबाळांची सोय होईल, असा हिशेब असतो. बडोद्याच्या, इंदूरच्या, ग्वाल्हेरच्या आणि हैदराबादच्या मराठी घरांतही हाच विचार होतो. गोव्यात खरं तळघर क्वचित, पण उतारावरच्या घराला मागून मातीत गेलेली आणि पुढून उघडी अशी खालची खोली असते. तिलाही इथलं बहुतेक सगळं लागू आहे.

अडचण अशी की बहुतेक लोक या कामाची सुरुवात टाइल्सच्या दुकानातून करतात. वरच्या मजल्यावर ते चालून जातं, कारण तिथं सांडलेलं पाणी आपोआप खाली जातं. तळघराच्या खाली जायला काही नसतं. उलट बाहेरचंच पाणी आत यायला टपलेलं असतं. त्यामुळे इथं पहिला प्रश्न गटाराच्या पातळीचा, दुसरा ओलीचा, तिसरा हवेचा आणि विजेचा. फरशीचा रंग सगळ्यांत शेवटी.

रस्त्यावरच्या चेंबरचा तळ किती खोल?

घरासमोरच्या ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण नगरपालिकेच्या माणसाकडून उघडून घ्यावं आणि रस्त्यापासून चेंबरचा तळ किती खाली आहे ते मोजावं. मग गवंड्याच्या लेव्हल ट्यूबनं, म्हणजे पाणी भरलेल्या पारदर्शक नळीनं, तीच पातळी तळघराच्या भिंतीवर खुणेनं उतरवावी. समजा तळघराची जमीन रस्त्यापासून सात फूट खाली आहे आणि चेंबरचा तळ तीन फुटांवर. म्हणजे गटार तळघराच्या जमिनीपासून चार फूट उंचावर आहे. अशा घरात कमोडचं पाणी उतारानं बाहेर जाणं शक्यच नाही, मग प्लंबर कितीही 'बघू, काढू काहीतरी' म्हणो.

घर उतारावर असेल आणि चेंबर खालच्या बाजूला असेल तर मात्र उताराचं गणित जमू शकतं. चार इंची पाइपला साधारण ४० फुटांत एक फूट उतार धरतात. म्हणजे बाथरूमपासून चेंबर १० मीटरवर असेल तर २५ सेंटिमीटर उतार त्यातच जातो. त्यावर कमोडखालचा बेंड, फरशीची जाडी आणि कोबा धरायचा. हे सगळं बसवायला तळघराची जमीन उंच करावी लागली तर डोक्यावरची जागा कमी होते. नॅशनल बिल्डिंग कोडनुसार तळघराची उंची निदान २.४ मीटर, म्हणजे पावणेआठ फुटांच्या थोडी वर हवी. त्यातून ३० सेंटिमीटर गेले की उरतात जेमतेम सात फूट, आणि त्यात तुळई आडवी आली तर उंच माणसाला वाकूनच आंघोळीला जावं लागेल.

उतार जमला तरी निश्चिंत होता येत नाही. जोराच्या पावसात रस्त्याखालची लाइन तुंबते आणि चेंबरमधलं पाणी झाकणापर्यंत चढतं. त्या झाकणापेक्षा खालच्या पातळीवर तुमच्या घरात जी जी जाळी, जो जो कमोड असेल, त्यातून तेच पाणी वर येतं. सगळ्या गल्लीचं सांडपाणी तुमच्या नव्या बाथरूममध्ये. म्हणून तळघराच्या लाइनवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच, आणि तो हाताला लागेल अशा चेंबरमध्ये हवा. फरशीखाली गाडून टाकलेला व्हॉल्व्ह दोन वर्षांत कचरा अडकून निकामी होतो आणि ते कळतं थेट पुढच्या पुरात. वरच्या मजल्यांची लाइन या व्हॉल्व्हच्या आतल्या बाजूला जोडू नये. बाहेरून तुंबल्यावर व्हॉल्व्ह बंद होतो आणि मग वरच्या मजल्याचंच पाणी तळघरात उतरतं. गवंडी पाइप वाचवायला ही जोडणी हमखास करतात.

पंप लावायचा तर

गटार वर असेल तर सांडपाणी पंपानं उचलावं लागतं. त्याचे दोन प्रकार. आंघोळीचं आणि कपड्यांचं पाणी एका छोट्या हौदात गोळा करून साध्या ड्रेनेज पंपानं वर टाकता येतं. संडासासाठी मात्र मैला दळणारा पंप किंवा हवाबंद झाकणाचा मैला-हौद लागतो, त्याला छतापर्यंत नेलेला हवेचा पाइप लागतो, आणि वर चढवलेली लाइन रस्त्याच्या पातळीच्याही वर नेऊन मग उताराच्या लाइनला जोडावी लागते. हा वरचा वळसा ठेवला नाही तर पंप थांबल्यावर गटारातलं पाणी त्याच पाइपनं परत येतं.

वीज गेली की पंप बंद. पंप बंद असताना फ्लश ओढला की हौद भरतो. पावसाळ्यात वीज नेमकी मुसळधार पावसातच जाते, म्हणजे पंपाची सर्वांत जास्त गरज असते तेव्हाच. पंप इन्व्हर्टरवर चालेल का, हे इन्व्हर्टरच्या विक्रेत्याला पंपाच्या वॅटचा आकडा दाखवूनच विचारावं, कारण सुरू होताना मोटर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढते.

यातून निघणारा सल्ला अनेकांना आवडणार नाही, पण तो खर्च वाचवतो: संडास वरच्या मजल्यावरच राहू द्यावा. जिन्याच्या तोंडाशी, रस्त्याच्या पातळीवर साडेतीन बाय चार फुटांचा संडास बसला तर खाली फक्त न्हाणीघर आणि मशीन राहतं. मग मैला-हौद, दळणारा पंप आणि त्याची वार्षिक देखभाल हे सगळंच वाचतं.

आणि हौद साफ करायची वेळ आली तर माणूस आत उतरवू नये. बंद हौदात विषारी वायू साचतो, आणि पहिल्याला वाचवायला उतरलेला दुसराही त्यातच जातो. संरक्षक साधनांशिवाय कुणाला सेप्टिक टँक किंवा गटारात उतरवणं हा २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि काम खासगी घरातलं असलं तरी सुटका नाही. पंप साखळीनं वर ओढून काढता येईल अशीच जोडणी सुरुवातीपासून करून घ्यावी.

ओल कुठून येते?

ज्यांच्या परसात जुनी विहीर आहे त्यांना तळघराची कुंडली फुकटात कळते. ऑगस्टमध्ये विहिरीचं पाणी किती वर येतं ते बघायचं आणि ती पातळी तळघराच्या जमिनीशी ताडून बघायची. पाणी जमिनीच्या वर येत असेल तर तळघर म्हणजे चार महिने पाण्यात बुडालेली पेटी. एक मीटर पाणी वर असलं की जमिनीवर खालून दर चौरस मीटरला सुमारे एक टन दाब येतो. दहा बाय बारा फुटांच्या खोलीला एकूण ११ टन. दोन इंची कोबा आणि त्यावर डिंकासारखं काही फासून हा दाब अडत नाही. तिथं लोखंडी सळ्यांचा स्लॅबच लागतो, आणि तो इंजिनियरनंच काढून द्यावा लागतो.

विहीर नसेल तर दोन फूट बाय दोन फूट प्लास्टिकचा कागद जमिनीला आणि भिंतीला चारी बाजूंनी टेपनं चिकटवून दोन दिवस ठेवावा. कागदाच्या आतल्या बाजूला थेंब दिसले तर ओल मातीतून येते. बाहेरच्या बाजूला दिसले तर ती खोलीतल्या हवेतली, म्हणजे हवा खेळती ठेवायचा प्रश्न. ही परीक्षा पावसाळ्यात घेतली तर खरी. मे महिन्यात तळघर कोरडं दिसतंच, आणि कंत्राटदार पाहणीला यायचा महिनाही तोच.

ओल नेहमी पावसाचीच असते असंही नाही. रात्री सगळे नळ बंद करून मीटरचा आकडा लिहून ठेवावा आणि सकाळी परत बघावा. आकडा पुढे सरकला असेल तर जमिनीखालचा पाइप गळतोय. गच्चीचं पाणी उतरवणारा पाइप भिंतीच्या मुळाशीच सुटत असेल, अंगणाचा उतार घराकडे असेल, शेजारचा शोषखड्डा सामाईक भिंतीला लागून असेल, तर आधी ते दुरुस्त करावं. अंगणाचा उतार पालटायला दोन दिवस आणि चार पाट्या खडी लागते, आणि निम्मी ओल कित्येकदा तेवढ्यानंच जाते.

माती गावागणिक बदलते आणि तिच्याबरोबर दुखणंही बदलतं. बेळगावच्या पश्चिमेकडच्या आणि गोव्याच्या जांभ्यातून पाणी पाझरत राहतं. भिंतच सच्छिद्र, त्यामुळे गळती एका जागी दाखवता येत नाही. इंदूर-उज्जैनकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि त्या हालचालीत जमिनीतल्या पाइपांचे सांधे उघडतात. हैदराबादला खाली कातळ, त्यावर पाणी अडतं आणि भेगांतून वाट काढतं. बडोद्यात विश्वामित्री फुगली की काय होतं ते २०२४ च्या ऑगस्टअखेर शहरानं पाहिलं. नदीकाठच्या सखल भागात तळघर वापरात आणूच नये हे स्पष्ट सांगितलेलं बरं. बेळगावात बळ्ळारी नाल्याच्या आसपासच्या वस्तीलाही तेच.

नवं घर बांधताना तळघराला बाहेरून शहाबादी फरशी लावून 'बॉक्स' वॉटरप्रूफिंग करतात. पाणी बाहेरच अडवणारी ही पद्धत उत्तम, पण घर उभं राहिल्यावर चारी बाजू खणणं जमत नाही. मग आतून करावं लागतं: भेगांत इंजेक्शननं ग्राउट भरणं, सिमेंटी किंवा स्फटिकं तयार होणाऱ्या लेपाचे थर, जमीन आणि भिंत जिथं मिळते तिथं गोलाई. आतून लावलेल्या लेपाला पाणी मागून ढकलतं, म्हणून तो भिंतीला घट्ट धरणारा हवा. नुसता रंग फुगून पोपडे निघतात. आणि भिंत चुन्यात बांधलेली दगडाची किंवा जांभ्याची असेल तर सिमेंटचा गिलावा चढवण्याची घाई करू नये. आतली ओल बाहेर पडायची वाट बंद होते आणि ती भिंतीत वर चढून तळमजल्यावर लोणा फोडते. अशा घरात 'खाली काम केलं आणि वर ओल आली' ही तक्रार नेहमीची.

खणताना सावध

उंची कमी पडते म्हणून तळघराची जमीन खोल करायची कल्पना गवंडी सहज काढतात. बेळगावात गवंडी, बडोद्यात कडियो, हैदराबादेत मेस्त्री, नाव काहीही असो, पायाच्या तळापेक्षा खाली खणायचा निर्णय त्यानं एकट्यानं घेऊ नये. जुन्या ओळीतल्या घरांची भिंत शेजाऱ्याशी सामाईक असते. पायाखालची माती निघाली तर दोन्ही घरं बसतात. स्ट्रक्चरल इंजिनियर हे काम करूनच घेणार असेल तर मीटर-मीटरचे तुकडे पाडून, एक सोडून एक, आधीचा तुकडा पक्का झाल्यावर दुसरा, असं करवतो. घाईत एका दिवसात सगळी बाजू उघडली की संपलं.

वीज, गॅस आणि बाहेर पडायची वाट

इथं कंजुषी जिवावर बेतते. तळघराच्या वीजजोडणीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी स्वतंत्र हवा आणि नीट अर्थिंग हवं. गीझर आणि मशीन दोन्हींना १६ अँपिअरचे वेगवेगळे सॉकेट, गीझरला चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर. दोन हजार वॅटचा गीझर जवळपास नऊ अँपिअर ओढतो, आणि पाणी गरम करणारं फ्रंट लोड मशीनही तितकंच. दोन्ही एकाच जुन्या वायरवर टाकले तर वायर तापते. सॉकेट जमिनीपासून निदान चार फूट वर, आणि तळघराचा मेन स्विच तळघरात नको, जिन्याच्या वर हवा. पाणी भरल्यावर स्विच बंद करायला पाण्यात उतरावं लागलं तर त्या स्विचचा उपयोग काय?

गॅस गीझर तळघरात लावू नये. बंद जागेत तो कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला वास नसतो, आणि आंघोळीला गेलेला माणूस बेशुद्ध पडतो. दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात. सिलिंडरही खाली ठेवू नये, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि गळाला तर तळघरातच साचतो. विजेचा २५ लिटरचा गीझर पाण्यासकट ३५ किलोच्या आसपास भरतो. जांभ्याच्या किंवा मातीच्या भिंतीत साध्या खुंट्यांवर तो टांगू नये.

२७ जुलै २०२४ ला दिल्लीत ओल्ड राजिंदर नगरमधल्या कोचिंग क्लासच्या तळघरात पाणी शिरून तीन विद्यार्थी गेले. घरगुती तळघराचा आकार लहान, पण गणित तेच. जिन्यात दोन फूट पाणी साचलं की तीन फूट रुंद दारावर दीडशे किलोच्या वर रेटा येतो. जिन्याकडे उघडणारं दार मग आतल्या माणसाला ढकलत नाही. म्हणून तळघरात बाथरूम काढणं वेगळं आणि तिथं कुणाला झोपायला ठेवणं वेगळं. माणूस बाहेर पडेल एवढी खिडकी किंवा दुसरा जिना नसेल तर तिथं भाडेकरू ठेवू नये, आणि जिना चढायला वेळ लागणाऱ्या म्हाताऱ्या आईवडिलांना तर नाहीच. शिवाय अनेक ठिकाणी तळघर फक्त साठवण किंवा पार्किंगसाठी मंजूर असतं. वापर बदलायचा तर महानगरपालिकेत, बेळगावच्या कॅम्प भागात कँटोन्मेंट बोर्डात, आधी मंजूर नकाशा काढून विचारावं. नकाशावरचा शेरा कन्नडमध्ये, बडोद्यात गुजरातीत असतो. तो वाचता येणाऱ्याकडून नीट समजून घेतल्याशिवाय कंत्राटदाराला आगाऊ रक्कम देऊ नये.

धुण्याच्या खोलीतल्या बारीक गोष्टी

वॉशिंग मशीनचा पंप आपलं पाणी साधारण तीन फुटांपर्यंतच उचलतो. तळघरातून नळी लांबवून खिडकीबाहेर काढली की मशीन अडतं किंवा पंप जळतो. नळी तीन फुटांच्या आतच सांडपाण्याच्या पाइपात सोडायची आणि पुढचं काम हौदातल्या पंपानं करायचं. मशीनच्या पाण्यात कपड्यांचा तंतू भरपूर येतो, म्हणून हौदाच्या तोंडाला जाळी हवी आणि ती दर आठवड्याला साफ करणारं माणूसही ठरलेलं हवं.

टाकी गच्चीवर असल्यानं तळघरातल्या नळाला जोर चांगला मिळतो. त्याच जोरानं मशीनची नळी फुटली तर खोली भरायला वेळ लागत नाही. तळघराचा बंद करायचा कॉक जिन्याच्या वर ठेवावा आणि धुणं झालं की मशीनचा नळ बंद करायची सवय लावावी.

कपडे तिथंच वाळत घालण्याचा मोह पावसाळ्यात होतो. सहा किलो कपडे पिळून निघाले तरी त्यांत जवळपास तीन लिटर पाणी उरतं, आणि ते सगळं तळघराच्या हवेत जातं. आठ दिवसांत बुरशीचा वास येतो. एक्झॉस्ट पंखा हवाच, पण त्याचं तोंड जिन्यात किंवा शेजारच्या खोलीत नको, थेट बाहेर हवं, आणि दाराखाली हवा आत यायला फट हवी. हवा आत येत नसेल तर पंखा नुसता गरगरतो.

अजून एक. जमिनीतल्या जाळीखालच्या ट्रॅपला इंजिनियरिंगच्या पुस्तकांत 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. आपल्या न्हाणीघरातलाच हा शब्द, इंग्रजी पुस्तकांतही तसाच राहिलेला. त्यात दोन इंच पाणी उभं असतं, ते गटाराचा वास आणि झुरळं अडवतं. तळघरातलं बाथरूम महिनोन् महिने वापरात नसेल तर ते पाणी आटतं आणि सगळ्या घरात वास सुटतो. दर पंधरा दिवसांनी तांब्याभर पाणी ओतलं तरी पुरे.

कामाचा क्रम

घाई नसेल तर एक पावसाळा नुसतं बघावं, ओलीच्या खुणा पेन्सिलीनं भिंतीवर तारखेसकट आखाव्यात. डिसेंबर ते मेमध्ये बाहेरचं पाणी वळवणं, भेगा, लेप, पाइप आणि हौद. मग पुढचा पावसाळा तसाच, टाइल्स न लावता जाऊ द्यावा. टाइल्स दिवाळीनंतर. घरच्यांना हे पटवणं अवघड जातं, पण टाइल्सखालची गळती शोधायला टाइल्सच फोडाव्या लागतात. बाथरूमची जमीन टाइल्सच्या आधी पाणी तुंबवून ४८ तास ठेवावी आणि पातळीची खूण करून बघावी. एकूण अंदाजाच्या वर पाचवा हिस्सा रक्कम बाजूला असावी, कारण जमीन फोडल्यावर खाली काय निघेल हे फोडल्यावरच कळतं.

भिंती आणि जमीन बंद करण्याआधी प्रत्येक पाइपचा, वायरचा आणि व्हॉल्व्हचा फोटो टेप लावून काढावा. एका कोपऱ्यापासून किती फुटांवर काय आहे ते कागदावर लिहून तो कागद घराच्या उताऱ्याबरोबर फाइलीत ठेवावा. पंपाची पावती, वॉटरप्रूफिंगची लेखी हमी आणि इंजिनियरचं सहीचं ड्रॉइंगही त्याच फाइलीत.